आर्गॉन प्लाझ्मात इथेनॉल सोडलं, स्पेक्ट्रमवरून कंपाउंड ओळखता येईल का?

लालरेषा: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूये, लो प्रेशर आर्गॉन प्लाझ्मात (विजेने आयनीभूत होऊन चमकणारा गॅस) इथेनॉलची वाफ सोडतोय आणि फायबर स्पेक्ट्रोमीटरने त्याच्या प्रकाशातल्या २०० ते ८५० नॅनोमीटर तरंगलांबी बघतोय. ६५६.३ ला हायड्रोजन एकदम झकास, ७७७ ला ऑक्सिजन, ५१६ च्या आसपास हिरवा पट्टा. पण ३८८ लाही ठळक पट्टा येतोय तो कशाचा? आणि उद्या कोणी नाव न सांगता सॅम्पल दिलं तर यावरून ओळखता येईल का, सर म्हणतात येईल, मला शंका आहे.

गळती_शोधा: ३८८.३ म्हणजे सीएन, कार्बन-नायट्रोजनची जोडी. इथेनॉलमध्ये नायट्रोजन नाहीच, म्हणजे बहुतेक हवा आत येतेय. इथेनॉल बंद करून नुसत्या आर्गॉनवर ३३७.१ बघा, तिथे नायट्रोजनचा पट्टा दिसला तर ओ-रिंग (जोडावरचं रबरी सील) आणि गॅस लाइन तपासा. हे आधी करा, नाहीतर पुढे खरंच नायट्रोजन असलेलं सॅम्पल आलं तर तो सॅम्पलचा की हवेचा हे कळणारच नाही. हिरव्या पट्ट्याचंही नीट बघा, ५१६.५ ला सी-टू (दोन कार्बनची जोडी) असतो पण ५१९.८ ला कार्बन मोनॉक्साइडचाही येतो, छोट्या स्पेक्ट्रोमीटरवर दोन्ही सहज मिसळतात.

जुना_लॅबवाला: तुमची शंका बरोबर आहे. प्लाझ्मात रेणू तुटतो, मग इथेनॉल काय नि डायमिथाइल ईथर काय, दोन्हीत २ कार्बन, ६ हायड्रोजन, १ ऑक्सिजनच, रचना कळणार कुठून? मूलद्रव्यं मात्र छान कळतात. पीव्हीसीतला क्लोरीन ८३७.६ ला सापडतो, पण पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण सारखंच, तिथे रेषा बघून भागत नाही. म्हणूनच गॅस क्रोमॅटोग्राफीला हीलियमचा मायक्रोवेव्ह प्लाझ्मा जोडतात, कॉलम कंपाउंड वेगळे करतो आणि प्लाझ्मा त्यातली मूलद्रव्यं सांगतो. आणि रेषेची उंची म्हणजे अणूंची संख्या नव्हे बरं का! पॉवर, प्रेशर, फ्लो तेच ठेवून माहीत असलेल्या कंपाउंडवर कॅलिब्रेट करा, आर्गॉनची ७५०.४ ची रेषा रेफरन्सला घ्या.

लालरेषा: आज नुसत्या आर्गॉनवर ३३७ दिसला, आता लाइन तपासतो. कॅलिब्रेशनला मिथेनॉल आणि ॲसिटोन चालतील ना?

जुना_लॅबवाला: चालतील, पण हेक्सेन नक्की घ्या. त्यात ऑक्सिजन नाही, गळती बंद केल्यावरही ७७७ ची रेषा आणि ३०९ चा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) पट्टा आला तर चेंबरमध्ये ओल आहे असं धरा आणि आधी रात्रभर पंपावर ठेवा.