रायझन ३६०० आता बदलू, की झेन ६ येईपर्यंत थांबू?

सह्यकडा
मंडळी, सध्या रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ३२०० ची १६ जीबी रॅम (८ च्या दोन स्टिक), आरएक्स ६७०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्‌झ. दिवसा अँड्रॉइड स्टुडिओ, रात्री गेम. एम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन) चालू असताना बिल्ड (कोडपासून ॲप तयार करणं) लावला की माउससुद्धा अडखळतो, आणि गेममध्ये गर्दीच्या ठिकाणी फ्रेम धाडकन खाली येतात. एएमडीचे झेन ६ आणि इंटेलचे नोव्हा लेक हे नवे प्रोसेसर येऊ घातलेत, म्हणून हात आखडता घेतलाय. थांबावं, याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स बसवावा, की थेट एएम५ वर (एएमडीच्या नव्या सॉकेटवर) जावं? बदलण्याचं काम घरीच करणार आहे, तेव्हा कुठे गफलत होते तेही सांगा.

कॅशेवाला
तुमच्या दोन तक्रारींची कारणं बहुधा वेगळी आहेत.

बिल्डच्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ आकडा बघा. तो १६ जीबीच्या बराच वर गेला असेल, तर विंडोज एसएसडीवर पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची फाइल) घासत बसलंय. बिल्डची साधनं म्हणजे ग्रेडल आणि कोटलिनचा डेमन, एम्युलेटर आणि ब्राउझर मिळून १६ जीबी सहज संपवतात. अशा वेळी कुठलाही नवा प्रोसेसर आणला तरी माउस अडखळणारच. आधी रॅम ३२ करा. शक्यतो १६ च्या दोन स्टिक घ्या, कारण चारही स्लॉट भरले की ३६०० चा मेमरी कंट्रोलर कधीकधी एक्सएमपीच्या (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) वेगावर टिकत नाही.

गेमचं तपासायला रिझोल्यूशन ७२०पी करा, बाकी सेटिंग तीच ठेवा. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर कमी पडतोय. एकूण सीपीयू वापर ५० टक्के दिसतो म्हणून फसू नका, गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरवर पूर्ण भरलेला असू शकतो. ३६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट आहेत आणि प्रत्येकाकडे १६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी). एका गटाला दुसऱ्याकडचा डेटा हवा असला की आयओ डायवरून (प्रोसेसरमधल्या वेगळ्या जोडणीच्या चिपवरून) वळसा पडतो. ५७००एक्समध्ये आठही कोअर एकाच गटात, ३२ एमबी सगळ्यांना सामाईक. गेममधला फरक मुख्यतः इथून येतो.

वीज आणि बोर्डाची चिंता नको. ३६०० ची पॉवर मर्यादा ८८ वॅट आहे, ५७००एक्सची ७६.

पेस्ट_आणि_पाना
बदलण्याचा क्रम नीट पाळा.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा आणि एन्क्रिप्शन ‘सस्पेंड’ करा. मग जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. बोर्डावर छापलेली रिव्हिजन बघून तिचीच फाइल घ्या, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि बायोसमधल्याच फ्लॅश टूलने टाका. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो, त्यामुळे यूपीएसवरच करा. भारनियमनाच्या वेळा सांभाळा.

सगळ्यात जास्त नुकसान कूलर काढताना होतं. एएम४ मध्ये (तुमच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये) पिना प्रोसेसरला असतात आणि सुकलेली थर्मल पेस्ट त्याला कूलरला घट्ट धरून ठेवते. सरळ वर ओढलात तर सॉकेटचा दांडा बंद असूनही प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून पाच-दहा मिनिटं लोड देऊन पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, केबल काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळा. सुटल्याची जाणीव झाली की मगच उचला.

कॅबिनेट आडवं ठेवूनच हे करा. ३६०० सोबतचा कूलर थेट बॅकप्लेटमध्ये स्क्रूने बसतो, त्यामुळे स्क्रू निघाले की बॅकप्लेट मागे गळून पडते. तो बसवताना काढलेले प्लास्टिकचे ब्रॅकेटही शोधून ठेवा, बऱ्याच टॉवर कूलरची क्लिप त्यांनाच अडकते. ५७००एक्सच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही. जुना चालतो, पण आवाज करतो. १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर पुरे.

पहिल्यांदा चालू केल्यावर एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करायचा का, असं विचारेल. रिकव्हरी की हाताशी असेल तरच ‘वाय’ दाबा. नसेल तर ‘एन’ दाबून बंद करा आणि जुना प्रोसेसर परत बसवून आधी की मिळवा. फ्लॅशनंतर एक्सएमपी बंद झालेलं असतं, ते पुन्हा चालू करायला विसरू नका. विसरलं की रॅम २१३३ किंवा २४०० वर चालते आणि लोक नव्या प्रोसेसरला दोष देतात.

वाट_बघू
थांबण्याबद्दल. झेन ६ तुमच्या बोर्डावर बसणार नाही, म्हणजे प्रोसेसरसोबत बोर्ड आणि डीडीआर५ रॅमचाही खर्च धरा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भयंकर चढल्या आहेत, डीडीआर४ सुद्धा सुटलेली नाही. शिवाय गेमसाठीचा, जादा कॅशेचा एक्स३डी प्रकार पहिल्या दिवशी येईलच असं नाही. रायझन ७००० मालिका सप्टेंबर २०२२ ची, ७८००एक्स३डी एप्रिल २०२३ चा. ९००० मालिका ऑगस्ट २०२४ ची, ९८००एक्स३डी नोव्हेंबरचा. नोव्हा लेक २०२६ च्या अखेरीस असं इंटेलनं सांगितलंय. तोवर अडखळत काम करण्यात काही अर्थ नाही.

एएम५ वर जायचंच असेल तर आजही जाता येईल. त्या सॉकेटला २०२७ आणि पुढेही साथ देण्याचं एएमडीनं जाहीर केलंय. मात्र बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवंच, म्हणजे पुढचा प्रोसेसर आणल्यावर जुना बसवून अपडेट करायची गरज उरत नाही. रॅम ६००० वेगाच्या, सीएल३० (कमी विलंबाच्या) दोनच स्टिक. पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेत असल्यामुळे) स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, घाबरून बटण दाबू नका.

सह्यकडा
कमिटेड २३ जीबी निघाला! ७२०पी वर फ्रेमही तेवढ्याच. म्हणजे आधी रॅम, मग प्रोसेसर. सेकंडहॅन्ड ५७००एक्स३डी मिळतोय, तो घेऊ का?

कॅशेवाला
निव्वळ गेमसाठी असता तर लगेच हो म्हटलं असतं, ९६ एमबी एल३ गर्दीच्या सीनमध्ये खरंच कामी येतो. पण त्याचा बूस्ट ४.१ गिगाहर्ट्‌झ, ५७००एक्सचा ४.६, त्यामुळे बिल्डला तो थोडा मागे पडेल. दिवसभर बिल्डच करत असाल तर नवा ५७००एक्स घ्या. एक्स३डीच घ्यायचा ठरला तर मूळ बिल मागा आणि बॉक्सचा आहे की ट्रेचा (बॉक्सशिवाय सुटा विकलेला) ते विचारा, ट्रेच्या मालाला बॉक्सची तीन वर्षांची वॉरंटी लागू होत नाही. पैसे देण्याआधी मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पिनांच्या रांगा दोन्ही दिशांनी बघा. वाकलेली पिन तिथेच रांगेबाहेर दिसते.