'त्रिंकोमाली' २०० वर्षं कशी टिकली?

नांगर: मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ही फ्रिगेट, म्हणजे वेगवान शिडाची युद्धनौका, १२ ऑक्टोबर १८१७ला पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. ओकची इतकी जहाजं कुजली, मग हीच कशी वाचली?

सुकाणू: सागवानामुळे. ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी बोल्ट खातं, बोल्टभोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं आणि सांधा सैल होतो. सागातलं तेल उलट लोखंडाला जपतं. पण साग म्हणजे अमर नव्हे! खाऱ्या पाण्यापेक्षा डेकच्या फटींतून झिरपणारं पावसाचं पाणी जास्त घातक, कारण बुरशी त्यावर पोसते. म्हणून फटीत डांबरी काथ्या ठोकून वरून डांबर ओतायचं, आणि हे काम पुन्हापुन्हा करायचं.

डोलकाठी: तांब्याचा पत्रा विसरलात. तो शिपवर्म नावाच्या लाकूड पोखरणाऱ्या, शिंपल्यांच्या कुळातल्या जीवाला अडवतो. मात्र समुद्राच्या पाण्यात तांब्याशेजारी लोखंड झपाट्याने झिजतं, म्हणून पाण्याखालचे बोल्टही तांब्याचेच हवेत.

नांगर: आराखडे मुंबईचेच का?

सुकाणू: नाही, ब्रिटिश नौदलाच्या 'लीडा' वर्गाचे, मुळात 'एबे' या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेले. ते घेऊन निघालेलं 'जावा' हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८१२मध्ये अमेरिकन युद्धनौका 'कॉन्स्टिट्यूशन'ने हरवलं, त्यामुळे दुसरी प्रत पाठवावी लागली.

डोलकाठी: जुने कागद शोधताना 'फूद्रोयाँ' हे नावही बघा. १८९७मध्ये भंगारात विकल्यावर प्रशिक्षण जहाज म्हणून ती अनेक दशकं त्याच नावाने वावरली.