गरोदर बाईला स्टूल देणं म्हणजे लाड?

मुक्ता: काल कुणीतरी इथे लिहिलंय, "गरोदरपण काय आजार आहे का, ऑफिसात सवलती कशाला?" आजार नाहीच हो, पण सातव्या महिन्यात आठ तास काउंटरला उभं राहून बघा. पाय इतके सुजायचे की चपलेच्या पट्ट्याचे वळ रात्रीपर्यंत जायचे नाहीत. स्टूल मागितलं तर मॅनेजर म्हणे कस्टमरसमोर बरं दिसत नाही. मी काय पलंग मागितला होता?

खडूस अकाउंटंट: स्टूल द्या की, कोण नको म्हणतंय. पण २०१७ ला बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ केली आणि पगार द्यायचा कुणी, तर मालकानं. आता नवीन लग्न झालेलीचा रिझ्युमे हळूच खाली सरकवतात, डोळ्यांनी पाहिलंय.

मुक्ता: ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा असेल तर पैसे तिकडून येतात, मालकाच्या खिशातून नाही.

खडूस अकाउंटंट: महिना २१ हजार पगाराच्या वरच्यांना कुठलं आलंय ईएसआय? ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये.

एकटा जीव: आणि रजेवरच्या बाईचं काम कुणाच्या गळ्यात? माझ्या! लागोपाठ दोघी गेल्या, वर्षभर तिघांचं ओढलं, वर "तुझी घरी कोण वाट बघतंय" हे ऐकून घ्यायचं. आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा चार दिवस मागितले, नाही मिळाले. त्यासाठी कुठली सवलत?

मुक्ता: मग बदली माणूस न घेणाऱ्या कंपनीवर चिडा ना, आमच्यावर काय?

एकटा जीव: चिडलो होतो. अप्रेझलमध्ये 'टीम प्लेअर नाही' असा शेरा आला.

खडूस अकाउंटंट: बदली माणूस म्हणजे डबल पगार. बोलायला काय जातंय.

दोन लेकरांची आई: एकटा जीव, आईचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुम्हाला वाटतं आम्ही मजा मारून येतो? मी परत आले तर माझं टेबल दुसऱ्याला दिलेलं, दूध काढायचं स्टेशनरीच्या खोलीत, दाराला कडी नाही म्हणून मैत्रीण बाहेर पाठ लावून उभी. पाळणाघर ५० माणसं असली की सक्तीचं, आमच्या रजिस्टरवर वर्षानुवर्षं ४९. बाकीचे कंत्राटी म्हणे.

खडूस अकाउंटंट: ही ट्रिक माझी नाही, आधीच सांगतो. आणि पगार सरकारनं उचलला तर माझी काही हरकत नाही, लिहून घ्या.

एकटा जीव: थांबा, आमच्यातही ४८ आहेत आणि भरती कायम 'पुढच्या क्वार्टरला'. म्हणजे मी तिघांचं ओढत होतो ते यासाठी? सॉरी वगैरे म्हणत नाहीये हां मी.