चार्जमुळं खातं मायनस होऊ शकत नाही

दादा, मावशींचं खातं मिनिमम बॅलन्सच्या दंडापायी मायनसमध्ये नेलं अन् पीकविम्याचे पैसे आले की त्यातूनच कापले म्हणता, तर हे सोडू नका, रिझर्व्ह बँकेचा 1 एप्रिल 2015 पासूनचा नियम आहे, आधी कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची अन् नुसत्या या चार्जमुळं सेव्हिंग खातं मायनस होऊ द्यायचं नाही. आमच्या आईचं सेलूत असंच झालं होतं, पासबुक भरून आणलं, कापलेल्या एकेक रकमेखाली रेघ मारली अन् लेखी अर्ज दिला, पैसे परत आले. अर्जाच्या झेरॉक्सवर बँकेचा आवक शिक्का घ्याच, बँकवाले "ठेवून जा" म्हणतात, तसं ठेवून यायचं नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकटात तक्रार करता येते, माहितीला 14448 लावा, मराठीत बोलतात.