मुखत्यारपत्र करून घेतलं की आईबाबा सुरक्षित? कसे काय?

तिरकी_रेघ:
काल इथे एकाने सल्ला दिला: "आईवडील सत्तरीला आले की डोळे मिटून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, करून घ्या. ते घरात सुरक्षित, तुम्ही निर्धास्त." खाली वाहवा, वाहवा. माझा आक्षेप त्या डोळे मिटण्यालाच आहे.

आईला माणसं ओळखू येईनाशी झाली की उपयोगी पडावं म्हणून तुम्ही हे करता, आणि नेमकं तेव्हाच ते बाद होतं. करार कायदा १८७२, कलम २०१: देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपली. इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही. उलट आई शुद्धीत असताना मात्र घर विकण्यापर्यंतचे अधिकार तुमच्या हातात, कारण छापील मसुदा कोणी वाचतच नाही. यात संरक्षण नक्की कुणाचं?

निवृत्त_कारकून:
कलमं राहू द्या ताई. वडिलांचा उजवा हात पक्षाघातानं गेला, डोकं शाबूत. सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत. मुखत्यारपत्रावर मी पैसे काढले, थकलेल्या भाडेकरूला कोर्टात खेचलं, सोसायटीशी भांडलो. वडील शेवटपर्यंत स्वतःच्या खोलीत राहिले. तुमच्या कलमानं काय दिलं असतं?

तिरकी_रेघ:
डोकं शाबूत होतं म्हणूनच चाललं ना काका! मी वेगळं काय म्हणतेय? आणि सहीसाठी मुखत्यारपत्र लागतच नाही. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी. रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे.

निवृत्त_कारकून:
तो अधिकारी काउंटर सोडून घरी येईल तेव्हा कळवा.

मधली_मुलगी:
आमच्याकडे "आईला चकरा नकोत" म्हणून दादाने कुलमुखत्यारपत्र घेतलं. मग तिचं घर भाड्याने दिलं आणि तिला मागच्या खोलीत हलवलं. आता आम्हा बहिणींसमोर हक्कसोडपत्र ठेवलंय. आई अजून जिवंत आहे हो! तिचं सगळं मी करते, मुखत्यार मात्र तो.

स्पष्टच_बोलतो:
आली गाडी वाटणीवर. आई पडली की बहिणी फोनवर, घराचा भाव वाढला की दारात. भावानं कर्ज फेडायचं, दवाखाना करायचा आणि वर हिशोब द्यायचा.

मधली_मुलगी:
हो, द्यायचाच. दुसऱ्याचे पैसे वापरणारा मुखत्यार हिशोबाला बांधील असतो. आणि दारात नाही, मी घरातच असते. रात्री तिला कूस बदलून देणारं तुमच्याकडे कोण आहे? बायकोच असणार. तिच्या नावावर काय केलंत?

स्पष्टच_बोलतो:
वैयक्तिक जाऊ नका.

मधली_मुलगी:
सुरुवात कोणी केली?

काळा_कोट:
मारामारी झाली असेल तर कामाचं बोलू. आई शुद्धीत आहे तोवर ती मुखत्यारपत्र रद्द करू शकते. ते नोंदणीकृत असेल तर रद्द केल्याचा दस्तही नोंदवा, दादाला आणि बँकेला लेखी कळवा. पुन्हा द्यायचंच तर विशेष मुखत्यारपत्र द्या: पेन्शन, बिलं, भाडं एवढंच, विक्री आणि बक्षीसपत्र नाही. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. पण अट दस्तातच लिहा, नंतर सिद्ध करताना घाम फुटतो.

स्मृतिभ्रंश बळावल्यावर मात्र तिच्या वतीने निर्णय घेणारा पालक नेमून घ्यायला बहुधा उच्च न्यायालयात जावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, मालमत्तेला नाही.

निवृत्त_कारकून:
विशेष मुखत्यारपत्राचं पटलं. ताई, तुमचाही मुद्दा अर्धा बरोबर, झालं समाधान? पण कोर्ट पालक नेमेपर्यंत आयाबाईंचा पगार कोण देणार? कलम २०१?

तिरकी_रेघ:
संयुक्त खातं आधीच उघडायचं, दोघांपैकी कोणीही पैसे काढेल असं.

स्पष्टच_बोलतो:
म्हणजे त्यातूनही पुन्हा मुलगाच काढणार. फिरून तिथेच की!

मधली_मुलगी:
काळा_कोट, रद्द करण्यासाठी आईला नोंदणी कार्यालयात न्यावंच लागेल का? जिना उतरणं तिला अशक्य आहे.

काळा_कोट:
नाही. नोंदणी कायद्याचं कलम ३८ बघा, अशा वेळी अधिकारी घरी येतो किंवा कमिशन नेमतो, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवतो. अर्जाबरोबर डॉक्टरांचा दाखला जोडा. त्यात ती शुद्धीत असून स्वतःच्या मर्जीनं करतेय हेही लिहून घ्या, नाहीतर दादा पहिला आक्षेप तोच घेईल.

स्पष्टच_बोलतो:
म्हणजे दादाने सही घेतली तर लूट, बहिणीने घेतली तर आईची मर्जी. चालू द्या.