कर्क्युमिन घेतोय, पण अंगी लागत नाहीये. मदत हवी आहे

भटक्या:
तीन महिने रोज न चुकता कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाची, कॅप्सूल घेतोय, गुडघ्यात काडीचा फरक नाही. परवा वाचलं की ही वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट्स शरीरात धड शोषलीच जात नाहीत. शोषण वाढवायला नक्की काय करायचं? दुसरी बाटली मागवायची आहे, जरा लवकर सांगा. 'घेऊच नका' असे सल्ले कृपया नकोत.

पानगळ:
डोस किती? उपाशीपोटी की जेवणाबरोबर? बाकी कुठली औषधं चालू आहेत का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

काजवा:
पायपरीन असलेली घ्या, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक. 1998 च्या एका प्रयोगात 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर फक्त 20 मिग्रॅ पायपरीन दिलं, तर रक्तातलं प्रमाण 20 पट झालं. मी दीड वर्ष हेच घेतेय. सकाळी बोटं आखडायची, मूठ वळायची नाही. आता वळते.

सांजवात:
20 पट खरं, पण कशाच्या? नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात जवळजवळ काही सापडतच नव्हतं. ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडं आत शिरतं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून बाहेरची वाट दाखवतात. पायपरीन ही यंत्रणाच अडवतं. मग इतर औषधंही अंगात साठतात. त्यापेक्षा लेसिथिनमध्ये, म्हणजे सोयाबीनसारख्यातल्या एका स्निग्ध पदार्थात, बांधलेलं घ्या, तेही जेवणाबरोबर.

काजवा:
लेसिथिनवालं मी चार महिने घेतलं, काही उपयोग झाला नाही. स्वतः घेऊन बघितलंय म्हणून सांगतेय.

सांजवात:
तुम्हाला लागू पडलं म्हणून सगळ्यांना चालेल असं नाही ना. औषधं कुठली चालू आहेत ते त्यांनी अजून सांगितलेलंच नाही.

धुकं:
लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका. चहातली पॉलिफेनॉल्स लोह धरून ठेवतात. माझं हिमोग्लोबिन वाढेना ते यामुळेच.

भटक्या:
लोहाचा विषय नाहीये. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतो, 500 मिग्रॅ. औषधं म्हणजे बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी. त्यांचा इथे काय संबंध?

पानगळ:
संबंध आहे हो! रक्त पातळ करायची गोळी वॉरफरिन आहे का? हळदीच्या सप्लिमेंटने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, हलू शकतो. बीपीची कुठली? प्रोप्रानोलॉल असेल तर पायपरीनने त्याची रक्तातली पातळी वाढते, हे माणसांवरच्या चाचणीत दिसलंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही मागवू नका.

उंबरठा:
ल्युटीन, लायकोपीन या भाज्याफळांतल्या रंगद्रव्यांचंही कर्क्युमिनसारखंच, स्निग्ध पदार्थ पोटात नसला तर ती वाया जातात. पण शोषण वाढलं की फायदा वाढतो, हे गृहीत धरू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना रोज 20 मिग्रॅ बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं अँटिऑक्सिडंट, दिलं होतं. ते रक्तात छान पोचलं, आणि 1994 मध्ये निकाल आला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला निघाला.

काजवा:
ते बीटा-कॅरोटीन. इथे प्रश्न कर्क्युमिनचा आहे.

पानगळ:
भटक्या, बाटलीच्या मागे घटकांत काय लिहिलंय ते शब्दशः टाका. पुढचं मोठं नाव नको.

भटक्या:
आत्ता भिंग घेऊन वाचलं. 'हळद कंद चूर्ण 500 मिग्रॅ'. त्याखाली जिलेटिन. बस, एवढंच. पुढे मात्र ठळक अक्षरांत 'कर्क्युमिन'.

सांजवात:
म्हणजे अर्क नाहीच, नुसती पूड. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये जेमतेम 15 मिग्रॅ. गुडघ्यांवरच्या चाचण्यांत दिवसाला 1000 मिग्रॅच्या आसपास देतात. शोषणाची गोष्ट नंतरची, मुळात पोटातच काही जात नव्हतं.

काजवा:
मग पायपरीन घातलेला कर्क्युमिनचा अर्क घेऊन बघा की.

पानगळ:
काजवा, ते रक्त पातळ करायची गोळी घेतायत. शिवाय हळदीच्या सप्लिमेंटने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांतली काही पायपरीनवालीच होती.

भटक्या:
वॉरफरिनच आहे. सप्लिमेंट चालू आहे हे डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं, ते औषध आहे असं वाटलंच नाही. मंगळवारी आयएनआर करायचाय, बाटली बरोबर नेतो. तोवर कॅप्सूल बंद. दुसरी मागवलेली नाही. एवढंच सांगा, आयएनआर आजच करून घेऊ का?

पानगळ:
हो, आजच. आणि हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसत असतील तर रिपोर्टसाठी थांबू नका, थेट डॉक्टरांकडे जा.