शब्दचर्चा : 'प्रसरण', पण कशात?

एका लेखाचं मुद्रितशोधन करतेय. वाक्य असं आहे : 'महास्फोटानंतर विश्व पोकळीत पसरू लागले.' 'पोकळीत' ठेवू की काढू? काढलं तर वाचक विचारणारच, मग पसरलं कशात? 'अवकाशात' किंवा 'शून्यात' चालेल का?

—

काढाच. बाहेर पोकळी असली तरी तीही विश्वातच धरावी लागेल. 'विश्व' म्हणजे मुळात 'सगळं'. 'अवकाशात' तर जास्तच फसवं, कारण प्रसरण पावतंय ते अवकाशच.

—

घोळ 'प्रसरण' या शब्दाचा आहे. शाळेत तो आपल्याला उष्णतेच्या धड्यात भेटतो : उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात, म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवतात. म्हणजे वाढायला जागा आधीच तयार. 'पसरणे' हे त्याच प्रसरणाचं घरगुती रूप, आणि त्याला तर सप्तमी हवीच : अंगणात, गावात, पोकळीत.

खगोलशास्त्रात 'प्रसरण' म्हणजे दूरच्या दीर्घिकांमधली, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधली, अंतरं वाढणं, एवढंच. साधारण ३२.६ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर वेगाने दूर जाते, दुप्पट अंतरावरची दुप्पट वेगाने. हे सगळं आतल्या आत मोजलेलं आहे. कुठली कड कुठे सरकली, हा प्रश्न या गणितात येतच नाही. आणि कुठल्याही दीर्घिकेत बसून पाहिलं तरी चित्र हेच, म्हणून याला मध्यही नाही.

—

मग 'विश्व ताणले जात आहे' असं लिहू?

—

प्रकाशाबद्दल लिहायचं तर 'ताणणे' चपखल. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी जो प्रकाश मोकळा झाला, त्याच्या लहरी आजवर जवळजवळ ११०० पट लांबल्या. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांनी जाहीर केलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण ते हेच. पण 'विश्व ताणले जात आहे' म्हटलं की पृथ्वी, सूर्यमाला, आपली हाडंही ताणली जाताहेत असं वाटतं. तसं नाही. गुरुत्वाने किंवा विद्युतबलाने बांधलेल्या गोष्टी आहेत तशाच राहतात. शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय!

—

'महास्फोट'वर कोणीच का बोलत नाही? स्फोट म्हटला की ठिकाण आलं, ठिकऱ्या आल्या, ठिकऱ्या उडायला आजूबाजू आली. 'बिग बँग' हे इंग्रजीतलं मूळ नाव १९४९ साली बीबीसीच्या भाषणात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी वापरलं, आणि त्यांना स्वतःला ही कल्पनाच मान्य नव्हती. त्यांचे शिष्य जयंत नारळीकरही शेवटपर्यंत पर्यायी मांडणीच्या बाजूने होते. विरोधकाने ठेवलेलं नाव असं गळ्यात पडतं.

—

शब्द रुळलाय, आता बदलत नाही मी. पुढचं वाक्य : 'सुरुवातीला सारे विश्व एका बिंदूत सामावले होते.' हे तरी बरोबर?

—

'सारे विश्व' खोडा आणि 'आज आपल्याला दिसू शकणारे विश्व' लिहा. त्याची त्रिज्या आज सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षं आहे, तेव्हा ते अतिशय छोटं होतं. सारं विश्व अनंत असेल, तर ते सुरुवातीलाही अनंतच होतं. फक्त कमालीचं दाट. 'बिंदू'ही नको, तिथवर पोचण्याआधीच आजचे सिद्धान्त हात टेकतात.

—

केलं : 'महास्फोटानंतर विश्वातली अंतरं वाढू लागली.'

—

उत्तम. लेख प्रमाण भाषेत आहे ना? मग 'विश्वातील अंतरे' करा.